यंत्राने नाव काढले तर

(साक्षरता वर्गांच्या संमेलनात केलेले भाषण)



आज संमेलनाचा दिवस. पाट्या-वह्या घरी ठेवून या, असे आम्हीच सांगितले होते. तरी पुष्कळांनी पिशवीतून वह्या आणल्याच आहेत. बरे झाले. शेवटी लागतील.

आजचा विषय मोठ्या नावाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता. म्हणजे यंत्रात घातलेली अक्कल. वर्तमानपत्रवाले तिला दोनच अक्षरांत 'एआय' म्हणतात. तुमची नातवंडेही तसेच म्हणत असतील. ह्या यंत्राला किती मोकळीक द्यावी आणि त्याला कोणी वेसण घालावी, ह्यावर जगभर वाद चालू आहे. त्या वादात तुमचेही मत असावे, म्हणून हे भाषण.

पण आम्ही सुरुवात मोठ्या नावापासून करीत नाही. आपल्या वर्गातल्या एका आजींपासून करतो. आजी पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव तेवढे सांगू नका, म्हणाल्या.

मागल्या वर्षी आजींचा निराधारांचा पगार तीन महिने आला नाही. (अनुदान हा शब्द वहीत लिहायचा. बोलताना आपण पगारच म्हणतो.) आजी बँकेत गेल्या. बँकवाले म्हणाले, वरून पैसे आले नाहीत. आजी कचेरीत गेल्या. खिडकीवरचा मुलगा भला होता. त्याने पडद्यावर पाहिले आणि म्हटले, "आजी, यंत्रानं नाव काढलंय."

आजी म्हणाल्या, "कोणत्या यंत्रानं? मला त्याच्याकडं ने बाबा. मी बोलते त्याच्याशी."

ही हकीकत त्यांनी वर्गात सांगितली तेव्हा सगळे हसले. आम्हीही हसलो. रात्री घरी गेल्यावर मात्र आमची आम्हालाच लाज वाटली. आजींनी बरोबर तेच मागितले होते. ज्याने निकाल दिला त्याच्यासमोर उभे राहून बोलण्याची सोय. गावच्या पंचायतीपासून दिल्लीच्या न्यायालयापर्यंत सगळीकडे ती असते. त्या खिडकीवर नव्हती.

आता खरे बोलायचे तर, आजींचे नाव कशामुळे निघाले हे आजवर कोणी सांगितलेले नाही. अंगठा जुळला नसेल. नावात एखादी वेलांटी चुकली असेल. त्यात कृत्रिम बुद्धीचा हात होता, असे आम्ही म्हणत नाही. साधा संगणकही एवढे करू शकतो. पण खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच.

तर हे नवे यंत्र साध्या संगणकाहून निराळे कसे?

साध्या संगणकाला माणूस नियम सांगतो. वय पासष्टच्या वर असेल तर हो म्हण, खाली असेल तर नाही म्हण. तो तेवढेच करतो. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला हजारो, लाखो उदाहरणे दाखवतात. त्यांतून ते आपला ठोकताळा आपणच बांधते. बैलबाजारातला जुना दलाल आठवा. त्याला कोणी पुस्तक शिकविलेले नसते. जन्मभर बैल पाहिले, दात पाहिले, चाल पाहिली. आता तो लांबूनच सांगतो, हा बैल चालेल, हा बसेल. कसे ओळखले, असे विचारले तर त्यालाही नीट सांगता येत नाही. पुष्कळदा त्याचे खरे ठरते. पण जन्मभर ज्याने लाल कंधारीच पाहिली, त्याच्यासमोर पांढरे खिल्लार आणून उभे केले तर? तो म्हणेल, ह्यात काहीतरी खोट आहे. खोट बैलात नसते. दलालाने पाहिलेल्या बैलांत पांढरा बैलच नसतो.

ह्या यंत्राचेही तसेच आहे. चांगली उदाहरणे दिली तर ते चांगले काम करते. छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय आहे की नाही हे सांगणारी यंत्रे निघाली आहेत. मोठ्या माणसांच्या तपासणीत ती वापरावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर मिळत नाही, तिथे हे वरदानच आहे. आपल्या राज्याच्या कृषी खात्याने २०२५ साली 'महाविस्तार' नावाचे अ‍ॅप काढले. शेतकऱ्याने मराठीत विचारले की ते मराठीत उत्तर देते. ते वापरा. आमची काही हरकत नाही. उत्तर चुकले तरी शेवटी फवारायचे की नाही हे तुम्हीच ठरविता.

घोर वेगळाच आहे. यंत्र सल्ला देईनासे होते आणि निकाल देऊ लागते, तेव्हा काय?

ह्याचे एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. देगलूर, बिलोलीकडच्या मंडळींचे सोयरे तेलंगणात आहेत. त्यांना कदाचित हे ठाऊक असेल. तेलंगण सरकारने 'समग्र वेदिका' नावाची संगणकीय व्यवस्था उभी केली. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी तिने एकत्र आणल्या. रेशनकार्ड कोणाचे, मोटार कोणाची, घर कोणाचे, वीजबिल कोणाचे. आता गंमत पाहा. एका खात्यात माणसाचे नाव एका प्रकारे लिहिलेले, दुसऱ्या खात्यात दुसऱ्या प्रकारे. मग हे दोघे एकच की वेगळे? हे ठरविण्याचे काम यंत्राकडे दिले. नाव जवळपास जुळले, पत्ता जवळपास जुळला, की यंत्र म्हणणार, एकच माणूस.

हेतू वाईट नव्हता. खोटी कार्डे होतीच. ज्याच्या दारात मोटार आहे तो गरिबाचे धान्य नेतो, हे आपणही पाहिलेले आहे. पण घडले ते असे. हैदराबादच्या एका रिक्षा ओढणाऱ्याच्या कुटुंबाला यंत्राने मोटारमालक ठरविले. मोटार होती दुसऱ्याच कोणाची. नावे सारखी. कार्ड गेले, धान्य गेले. आमच्याजवळ मोटार नाही, हे त्या कुटुंबाने सिद्ध कसे करायचे? असलेली वस्तू दाखविता येते. नसलेली वस्तू कशी दाखविणार?

तेलंगणात काही वर्षांत सुमारे १९ लाख कार्डे रद्द झाली होती. हैदराबादच्या एका सामाजिक कार्यकर्त्याने दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की रद्द केलेल्या कार्डांची जागेवर जाऊन फेरतपासणी करा. त्या जुलैपर्यंत सुमारे दोन लाख अर्ज तपासून झाले. त्यांत पंधरा हजारांहून अधिक पात्रच निघाले. म्हणजे शंभरांत सात. कागदावर सात हा आकडा लहान दिसतो. चुलीपाशी तो लहान नसतो.

हे आम्ही मागे वर्गात सांगितले तेव्हा आपल्यातला एक तरुण उठला. मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे त्याचे. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही यंत्राला नावं ठेवता. पण यंत्र चहापाणी मागत नाही. जात विचारत नाही. साहेबाच्या पाहुण्याचं नाव पुढं सरकवत नाही. मला तर माणसापेक्षा यंत्रच बरं वाटतं."

वर्गात गलका झाला. निम्मे लोक त्याच्या बाजूने होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. ज्याने दाखल्यासाठी चार खेपा घातल्या आहेत आणि प्रत्येक खेपेला खिसा सैल केला आहे, त्याला यंत्र देवासारखे वाटणारच. आमचे उत्तर एवढेच होते. यंत्र लाच घेत नाही, हे खरे. पण ते गयावया ऐकत नाही, तसे गाऱ्हाणेही ऐकत नाही. कारकून चुकला तर चार माणसांचे नुकसान होते आणि त्याच्यावरचा साहेब तरी दिसतो. यंत्र चुकले तर एका रात्रीत हजारोंचे नुकसान होते. वरचा साहेब म्हणतो, मी काय करू, यंत्राने केले. आणि जातीचे म्हणाल तर यंत्र विचारत नाही, पण पाहिलेल्या उदाहरणांतून शिकते. उदाहरणांत भेद असेल तर तोही शिकते.

पोराला हे पूर्ण पटले नाही. न पटो. त्याचेही मत आहे, आणि आजच्या विषयात तेही मोजले पाहिजे.

आता जरा लांब जाऊ. युरोपात नेदरलँड्स नावाचा लहानसा देश आहे. श्रीमंत, शिकलेला. तिथेही गरिबांना सरकारी मदत मिळते. कोण फसवत असेल हे हुडकण्यासाठी तिथल्या सरकारने एक व्यवस्था केली. तिचे नाव 'सीरी'. तिचा कायदा २०१४ साली झाला. कर, मदत, घर, नोकरी, कर्ज, अशा कितीतरी नोंदी एकत्र करायच्या आणि यंत्राने बोट दाखवायचे की ह्या घरावर संशय आहे. ज्यांच्या नोंदी चाळल्या त्यांना कोणी सांगत नसे. यंत्र कशावरून संशय घेते, तेही सरकार सांगत नसे. सांगितले तर चोर सावध होतील, असे म्हणत. आणि ही चाळणी लावली कुठे? श्रीमंतांच्या बंगल्यांवर नाही. गरीब वस्त्यांवर.

रॉटरडॅम हे तिथले मोठे बंदराचे शहर. त्याच्या दक्षिणेकडे ब्लुमहोफ आणि हिलेस्लाउस अशा दोन वस्त्या आहेत. कष्टकऱ्यांच्या, बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या. आपल्या वस्तीवर असे यंत्र लावले आहे, हे तिथल्या लोकांना २०१९ साली कळले. कामगार संघटनेने सभा घेऊन त्यांना समजावून सांगितले. ह्या लोकांना यंत्राचे गणित येत होते का? नव्हते येत. त्यांनी गणितावर वाद घातलाच नाही. त्यांनी विचारले ते साधे होते. आमच्याच वस्तीवर का? आम्हाला न सांगता का? त्याच वर्षी रॉटरडॅमच्या महापौरांनी आपल्या शहरातला हा प्रयोग थांबविला.

काही संस्था आणि ती कामगार संघटना त्याआधीच न्यायालयात गेल्या होत्या. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने निकाल दिला. फसवणूक शोधणे हे सरकारचे कामच आहे, असे न्यायालय म्हणाले. पण जी व्यवस्था उघड नाही, जी तपासून पाहता येत नाही, ती नागरिकांच्या खाजगी जीवनाच्या हक्काला बाधक आहे. 'सीरी' बंद पडली. सरकारने अपीलही केले नाही.

एवढ्यावर त्या देशाची शोभा संपली नाही. मुले सांभाळणाऱ्या केंद्रांचा खर्च म्हणून आईबापांना जी मदत मिळे, तिच्यात हजारो कुटुंबांना फसवे ठरवून वसुली लावल्याचे बाहेर आले. संशयित निवडणारे यंत्र माणूस त्या देशाचाच नागरिक आहे की नाही हेही पाहत होते. घरे विकावी लागली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये सबंध मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. इतक्या शिकल्या-सवरल्या देशात हे घडले. म्हणून कोणी तुम्हाला म्हणाले की तुम्ही अडाणी म्हणून फसता, तर त्याला ही गोष्ट सांगा.

लोकांना ह्या यंत्राविषयी काय वाटते, हे आता जगभर विचारून पाहतात. अमेरिकेतल्या प्यू नावाच्या संस्थेने २०२५ साली २५ देशांत विचारले. अमेरिकेत शंभरांतले पन्नास म्हणाले, आम्हाला उत्साहापेक्षा काळजीच जास्त वाटते. आपल्या देशात शंभरांतल्या चौदांनीच सांगितले की ह्या विषयाबद्दल आम्ही पुष्कळ ऐकले आहे. आणि आपला देश ह्यावर नीट नियंत्रण ठेवील असा भरवसा विचारलेल्यांपैकी किती जणांना वाटला? शंभरांत एकोणनव्वदांना. इतका भरवसा दुसऱ्या देशांत क्वचितच दिसला.

हे दोन आकडे आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. १४ आणि ८९. बराच वेळ पाहत बसलो. भरवसा असणे वाईट नाही. भरवशावरच गाव चालते. पण ज्याचे नाव अजून यंत्राने काढलेले नाही, त्याचा भरवसा आणि आजींचा भरवसा एका मापाने कसा मोजणार? 'मत' ह्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, हे तुम्हाला शिकविले आहे. एक मनातले, एक पेटीतले. पेटीतले मत देताना कोणी आपल्याला विचारत नाही की राज्यघटना पाठ आहे का. मग यंत्राबाबतच्या मतासाठी यंत्राची विद्या कशाला लागते?

तराजूचेच घ्या. पासंग कसा काढतात हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तरी आपण सांगतो की वजनावर सरकारी शिक्का पाहिजे. शेर जाऊन किलो आले तेव्हा, १९५८ नंतर, आपल्या आज्या-पणज्यांनी बाजारात केवढी कुरकुर केली! किलोची विद्या त्यांना नव्हती. पण शिक्का बघितल्याशिवाय त्या धान्य घेत नसत. आजही वजनकाटा तपासणारे खाते आहे. काटा खोटा निघाला तर दुकानदाराला 'काट्याने केले' असे म्हणता येत नाही. दंड दुकानदारालाच होतो.

कायद्याचे आता थोडक्यात सांगतो. युरोपातल्या देशांनी मिळून २०२४ साली कृत्रिम बुद्धीचा कायदा केला. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. माणसाच्या वागण्याला गुण देऊन त्याला अन्यायाने वागविणारी यंत्रे त्यांनी बंदच केली. सरकारी मदतीला कोण पात्र हे ठरविणारी यंत्रे त्यांनी धोक्याच्या यादीत टाकली. अशा यंत्रावर जाणत्या माणसाची देखरेख हवी, असे त्या कायद्यात आहे. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. माणूस आधी, जबाबदारी ठरलेली असावी, यंत्र समजेल असे असावे, अशी ती तत्त्वे आहेत. नव्याला अडविण्यापेक्षा वाव द्यावा, असेही त्यांत आहे. तूर्त वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरू, असे सरकारचे म्हणणे. यंत्राने बनविलेल्या चित्रांवर आणि आवाजांवर तशी खूण असावी, असा नियम मात्र फेब्रुवारी २०२६ मध्ये आला.

तत्त्वे चांगली आहेत. पण तत्त्व मोडले तर शिक्षा नसते, एवढे आम्हाला खटकते. धान्य, पगार, दवाखाना ह्यांबाबत तरी नुसत्या तत्त्वांवर भागू नये, असे आमचे मत आहे. यंत्राने नाव काढण्याआधी माणसाने दारी येऊन पाहावे. तुमचे मत निराळे असेल तर तुम्ही सांगा.

तोवर हातात काय आहे? माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा. त्याच्या कलम ४ मध्ये लिहिले आहे की सरकारी कचेरीने दिलेल्या निर्णयाची कारणे ज्याच्यावर तो निर्णय झाला त्याला कळवावीत. यंत्राने दिला तरी निर्णय कचेरीचाच. कलम ६ मध्ये असेही आहे की ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करावी.

आजींना आम्ही हे कलम वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "मला येतंय की लिहायला. त्याला कशाला त्रास?"

मग वर्गातच अर्ज तयार झाला. मोबाइलवाल्या त्याच पोराने पहिले वाक्य सांगितले. आजींनी लिहिले. पाच ओळी झाल्या. माझे नाव कोणत्या तारखेला काढले? कोणत्या कारणाने काढले? कारण कोणी तपासले, त्या अधिकाऱ्याचे नाव काय? मी कोणाकडे दाद मागू? खाली सही. सहीत आडनावाची वेलांटी दोनदा चुकली, दोनदा खोडली, तिसऱ्यांदा बरोबर आली. दहा रुपयांचे तिकीट लावले. खिडकीवरच्या त्याच मुलाने अर्ज घेतला. आजींनी पोच मागून घेतली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

पगार पुन्हा सुरू झाला आहे. मागल्या तीन महिन्यांपैकी दोन मिळाले, एक अजून यायचा आहे. अर्जाला मात्र उत्तर आले नाही. तीस दिवस होऊन गेले. आता त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावयाचे. ते आज आपण सगळे मिळून लिहू.

आजी, वही काढा. बाकीच्यांनीही काढा. तारीख उजव्या बाजूला, वरती.